सात खुंट्यांची गिटार

१

भिलाईच्या हुडको वसाहतीत, हिराच्या घरी त्या सकाळी जेवणाच्या टेबलावर तीन वस्तू होत्या: एक जुनी गिटार, एक मोबाइल आणि पोलिसांना द्यायचा अर्ज. यातला फक्त अर्जच खरा आहे, असं हिराचं म्हणणं होतं.

"गिटार नकली आहे, रत्नाताई," ती म्हणाली. "असली कोणीतरी पळवली अन् तिच्या जागी ही ठेवून देल्ली. कोणीतरी म्हणजे कोण, तेही मले समजून राहिलं. माह्याच सख्ख्या भावानं."

शामसुंदरराव ठवरे दाराशेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होते. पस्तीस वर्षं मालगाडीचे गार्ड म्हणून दुर्गच्या लायनीवर काढलेला माणूस. गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटं बसून बसून त्यांना गप्प राहायची सवय जडली होती. बोलायचं खातं बायकोकडे होतं. रत्नमालाबाई भिलाईच्या पोलाद प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून कुणाचं काही हरवलं की हुडकोतले लोक आधी त्यांच्याकडे येत आणि मग पोलिसांकडे जात. बहुतेकांना पुढे जावंच लागत नसे. शामसुंदरराव स्कूटर चालवत आणि निम्मं श्रेय स्वतःकडे घेत, अर्थात मनातल्या मनात.

"पहिल्यापासून सांग," रत्नमालाबाई म्हणाल्या. "रडणं मागून."

हिराने सांगितलं. तिचे वडील मारोतराव वैरागडे आयुष्यभर प्लांटच्या पॅटर्न शॉपमध्ये होते. यंत्राचा एखादा भाग पोलादात ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो. तो नमुना करणारे हे सुतार. प्लांट नवा होता तेव्हा तिथे एक रशियन इंजिनियर होता. त्रेसष्ट साली मायदेशी परत जाताना त्याने आपली सात तारांची गिटार मारोतरावांना भेट दिली. ही हकीकत घरात लहानथोरांना आरतीसारखी पाठ होती. मारोतराव गेल्या वर्षी अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होऊन गेले. हिरा आणि तिचा धाकटा भाऊ विक्की यांनी बाकी सगळं बिनबोभाट वाटून घेतलं, पण गिटार करवतीने कापून कशी वाटणार? म्हणून दोघांनी ती ऑनलाइन लिलावात काढायचं ठरवलं.

पुण्याच्या लिलाव-कंपनीतला सुजय नावाचा जाणकार फोटो पाहून हरखून गेला होता. आतला लेबलचा कागद अस्सल, लेनिनग्राडच्या कारखान्याचा. बोली लागायला लागली. मग त्याने मापं मागवली, आणि काल रात्री त्याचा मेल आला. त्याच कारखान्याची, त्याच लेबलची दुसरी गिटार त्याच्याजवळ होती. तिच्या तारेची लांबी बासष्ट सेंटिमीटर. हिराच्या गिटारची त्रेसष्ट पूर्णांक दोन. तिच्या पोटाची रुंदी चौतीस. हिची चौतीस पूर्णांक सात. शिवाय हिच्या दर्शनी फळीवर, डाव्या बाजूला, लाकडाची एक गाठ दिसत होती. कुठलाही कारखाना गाठीचं लाकूड गिटारच्या तोंडावर बसवत नाही. 'कागद खरा आहे, गिटार खरी नाही,' असं त्याने लिहिलं होतं. आज संध्याकाळी पाचपर्यंत खुलासा आला नाही तर लॉट रद्द, आणि विक्रेत्याच्या नावापुढे इशारा.

"घरातून गिटार किती वेळा बाहेर गेली?"

"दोनदा. महिनाभर विक्की घेऊन गेला होता, विकायच्या पहिले एकदा वाजवतो म्हणून. अन् मंग आठ दिवस मोहन नगरच्या प्रितमकडे, साफसफाईले. तिसरा एक माणूस आहे, दौलतकाका. बाबाच्या शॉपमधले. लिलावाचं ऐकलं तसे धावत आले अन् म्हणे, पोरी, ही विकू नको, भानगड होईल. कायची भानगड, ते सांगतलं नाही."

"मग अर्जात विक्कीचंच नाव कावून?"

"महिनाभर त्याच्यापाशी होती. अन् तिच्यावर त्याचा लय जीव." हिराने अर्ज टेबलावर पुढे सरकवला. "बाबानंतर तोच एक आहे मले. पण चोरी ते चोरी."

रत्नमालाबाईंनी अर्ज उचलला, वाचला आणि तो हिराच्या हातात न देता आपल्या पिशवीत टाकला.

"पाच वाजेपर्यंत हा माझ्यापाशी राहील," त्या म्हणाल्या. "एकदा दिला तर परत नाही घेता येत. कागद येईल परत, भाऊ नाही येणार."

२

रत्नमालाबाई गिटारकडे वळल्या. त्यांना गाण्यातलं फारसं कळत नव्हतं, पण केलेली वस्तू कळत होती. तीस वर्षं त्यांनी यंत्रांचे नकाशे काढले होते. गिटारच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. दोन लाकडं जिथे जुळतात तिथे नखसुद्धा अडकलं नाही. मानेवर खुंट्या सात, तारा मात्र सहाच होत्या, कारण विक्की तिला सहा तारांचीच समजून वाजवत आला होता. त्यांनी एक तार छेडली. तो स्वर खोलीत इतका वेळ राहिला की शामसुंदररावांना वाटलं, आपण मध्ये श्वास घेतला तर बरं दिसणार नाही.

"नकली म्हणता हिले?" ते न राहवून म्हणाले. "नकलीच एवढी देखणी असन तर असलीचं काय घेऊन बसले?"

"अवो, हे चांगलं बोललात," रत्नमालाबाई म्हणाल्या. "आता मोजा. हिरा, पट्टी आहे?"

हिराने वडिलांची हत्यारांची पेटी आणली. पटाशा, रंधे, गुण्या, सगळं जुन्या धोतराच्या फडक्यांत वेगवेगळं गुंडाळलेलं. तळाशी मीटरभर लांबीची पोलादी पट्टी होती. तिच्या कडेला काहीतरी कोरलेलं होतं, पण हात लागून लागून ते पुसट झालं होतं. शामसुंदररावांनी चष्मा सरळ केला, पट्टी तारेला लावली आणि दोनदा पाहिलं.

"बासष्ट!"

"काय?" हिरा उठून उभीच राहिली.

"बरोब्बर बासष्ट. अन् पोटाची रुंदी," त्यांनी पट्टी आडवी धरली, "चौतीस. एक केस इकडे नाही, तिकडे नाही. पुणेवाला खोटं बोलून राहिला, हिरा. तुझी गिटार असली आहे!"

हिराने डोळ्यांना पदर लावला. शामसुंदरराव स्वतःवर बेहद्द खूश झाले. गेल्या चाळीस वर्षांत एखादं कोडं बायकोच्या आधी सुटल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

रत्नमालाबाईंनी पिशवीतून शिवणकामाची टेप काढली आणि तीच तार पुन्हा मोजली. त्रेसष्ट पूर्णांक दोन.

"टेप ताणली असन," शामसुंदरराव म्हणाले.

"तर शेजारून आणा दुसरी."

शेजारच्या विजेच्या दुकानातून त्यांनी नवीकोरी पोलादी टेप आणली. तिच्यावरही त्रेसष्ट पूर्णांक दोनच आलं.

"मंग बाबाची पट्टीच खोटी?" हिरा गोंधळली. "आयुष्यभर खोट्या पट्टीनं काम करत होते का काय ते?"

रत्नमालाबाईंनी पट्टी पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि एखादं तान्हं बाळ उचलावं तशी काखेत घेतली. मग भिंतीवरच्या एका फोटोपाशी जाऊन त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. फोटोत तीन-चार वर्षांचा विक्की मांडीवर न मावणारी गिटार घेऊन बसला होता, मागे मारोतराव हात जोडून उभे होते. फोटोग्राफरसमोर हात कुठे ठेवावेत हे ज्याला कळत नाही अशा माणसासारखे.

"हा फोटो नेते मी," त्या म्हणाल्या. "चला, मोहन नगर."

३

प्रितमचं दुकान म्हणजे हार्मोनियमचे भाते, तबल्यांची खोडं आणि पोट फाडलेल्या गिटारी यांचा दवाखाना. प्रितम चाळिशीचा होता. घरी मराठी आणि दुकानात हिंदी बोलून बोलून त्याची एक तिसरीच भाषा झाली होती. गिटारचं नाव निघताच तो हातातलं काम टाकून उभा राहिला.

"आंटी, झूठ नहीं बोलूंगा. मापं मीच मोजून देल्ली त्या पुणेवाल्याले. अन् आठ दिवस रोज सकाळी दुकान उघडलं का पहिले तिलेच वाजवत होतो. क्या चीज है! वीस सालात अशी माझ्या हाताखालून नाही गेली."

"नकली आहे म्हणतात."

"माप में फरक है, मी मानतो. पण सूर बघा ना. एकेका पडद्यावर मशीन लावून चेक केलं. सगळे पडदे आपापल्या जागी. नकली बनवणारा बाहेरून चमकवतो, आंटी. एवढं आतून कोण करते?"

"आतून पाह्यलं तू?"

प्रितम जरा घुटमळला. मग त्याने फोन काढला. भोकातून छोटा कॅमेरा घालून त्याने आतले फोटो काढले होते. पहिल्यात लेबल होतं. त्याचा एक कोपरा फाटका, आणि जिथे कागद उचलला होता तिथे काळपट लाकडाचं एक पातळ सालपट कागदालाच चिकटलेलं. गिटारचं आतलं लाकूड तर फिकट पिवळं होतं.

"हे लेबल दुसरीकडून काढून इथं लावलं आहे," रत्नमालाबाई म्हणाल्या.

"हां. म्हणून तर मी चूप बसलो. बोललो असतो तर माझ्यावरच आलं असतं, का यानंच बदललं."

दुसरा फोटो दर्शनी फळीच्या आतल्या बाजूचा होता. पिवळ्या लाकडावर काळ्या रंगात, छाप मारून काढलेली दोन मोठी अक्षरं होती. तिसरं मधोमध कापलं गेलं होतं. लिपी रशियन.

"कारखान्याचा शिक्का असन," प्रितम म्हणाला.

शामसुंदररावांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. ही अक्षरं त्यांनी पाहिली होती.

"शिक्का नाही हा," ते हळूच म्हणाले. "भिलाई-३ स्टेशनच्या यार्डात, मी नवा नवा लागलो तवा, प्लांटसाठी रशियाहून मशिनी येत. लाकडाच्या मोठ्या पेट्यांत. त्या पेट्यांवर अशीच काळी अक्षरं राहत. मी चालत चालत अख्खी गाडी तपासायचो. दरेक वॅगनवर हेच."

रत्नमालाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कौतुक होतं, उघड आणि बिनशर्त. शामसुंदररावांना लग्नानंतरचे पहिले दिवस आठवले आणि ते उगाचच हार्मोनियमकडे बघू लागले.

"पेटीचं लाकूड," त्या म्हणाल्या. "म्हणून गाठ. आता सांगा, चोरानं नकली गिटार बनवायची ठरवली, तर साठ वर्षं जुनी पेटी कोठून आणन तो?"

"म्हणजे गिटार जुनी आहे?"

"गिटार जुनी आहे, लेबल खरं आहे, अन् दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हे सगळं एका पट्टीत बसून राहिलं पाहा. चला, विक्कीकडे."

४

विक्की भिलाई-३ ला राहत होता आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवत होता. बावन्न वर्षांचा, केस मागे फिरवलेले, अंगणात एक मोठा स्पीकर उघडून बसलेला. रत्नमालाबाईंनी त्याला अर्जाचं काही सांगितलं नाही. तरी तो ओळखून होता.

"ताई बोलली असन, का मी बदलली."

"तू बदलली का?"

"काकू, तुमी विचारून राहिल्या म्हणून सांगतो. तिनं विचारलं असतं तर नसतं सांगतलं." त्याने पेचकस खाली ठेवला. "नाही बदलली. पण ताईले सफाई नाही देणार मी. पन्नास वर्षं ओळखते ना मले ती? मंग तिलेच समजाले पायजे."

"बाबा वाजवत होते ती?"

"कधीच नाही. मी वाजवायचो अन् ते ऐकायचे. खाटेवर आडवे पडून, डोळे मिटून. मी चुकलो का त्यांचं बोट हलायचं." तो हसला. "पण दाराबाहेर नाही काढू द्यायचे. साहेबाची वस्तू आहे म्हणायचे. कोणी पाह्यले आलं तर आतल्या खोलीत ठेवायचे. ताईले तर हातच लावू देत नव्हते. ती तेवढी नीटनेटकी नव्हती ना तवा."

"खराब झाली तर कुठे नेत होते?"

"कुठी नाही. स्वतःच करायचे. एकदा खालची पट्टी सुटली होती, तर डोळे मिटून बसवली त्यांनी. जसं काही त्यांनंच..." विक्की मध्येच थांबला. त्याने रत्नमालाबाईंकडे पाहिलं, पण त्यांनी त्याला पुढे बोलू दिलं नाही.

"साडेचारले हिराकडे ये," त्या उठत म्हणाल्या. "स्वतःसाठी नको येऊ. बाबासाठी ये."

परत हुडकोत आल्यावर त्या दौलतरावांकडे गेल्या. दौलतराव शहाऐंशीचे होते. त्यांची सून अंजनाबाई चहा ठेवून आत गेली तसे ते आरामखुर्चीत आणखी खोल बसले. पॅटर्न शॉपबद्दल ते भरभरून बोलले, पण गिटारचं नाव निघताच त्यांची स्मरणशक्ती गेली.

"मले काही आठवत नाही जी. साहेबानं देल्ली असन. साहेब लोक देत होते."

रत्नमालाबाईंनी फडकं सोडलं आणि पोलादी पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हाताऱ्याचा अंगठा आपोआप कडेच्या पुसट अक्षरांवर गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर सरळसरळ भीती होती.

"पोरी," ते कुजबुजले, "गेटवाल्यांनं काही विचारलं का?"

साठ वर्षांपूर्वीच्या गिटारबद्दल प्लांटच्या गेटवर आज कोण काय विचारणार? शामसुंदररावांना काहीच उमगेना. रत्नमालाबाईंनी मात्र हातातला चहा पूर्ण प्यायला, सावकाश.

"नाही विचारलं, काका," त्या म्हणाल्या. "अन् आता कोणी विचारणार नाही. चला आमच्यासंगं."

५

साडेचारला हिराच्या घरी सगळे जमले. विक्की दाराला टेकून उभा होता, हिरा त्याच्याकडे पाहत नव्हती. दौलतरावांना खुर्ची दिली होती. टेबलावर मोबाइल उभा करून ठेवला होता आणि त्यात पुण्याचा सुजय होता, चष्मा लावलेला, नम्र, पण आपलं मत सोडायला तयार नसलेला.

"मॅडम, मी कुणावर आरोप करत नाही," तो म्हणाला. "मी एवढंच म्हणतो, की ही कारखान्याची गिटार नाही."

"तुमचं बरोबर आहे," रत्नमालाबाई म्हणाल्या. "नाहीच."

हिराने डोळे मिटले. विक्की ताठ झाला.

"पण बदललीही नाही कोणी. हा फोटो पाहा." त्यांनी भिंतीवरचा फोटो आणि एक भिंग मोबाइलसमोर धरलं. "पंचाहत्तर सालचा आहे. विक्कीच्या हाताखाली, डाव्या बाजूले, गाठ दिसून राहिली? तीच गाठ, तिथीच. म्हणजे पन्नास वर्षं ही गिटार याच घराची आहे. विक्कीनं नाही बदलली, प्रितमनं नाही बदलली."

सुजय पुढे झुकला. "मग मूळ गिटार त्याआधीच गेली असेल."

"मूळ गिटार घरात आलीच नाही. आता मापं. तुमच्या गिटारची तार बासष्ट, हिची त्रेसष्ट पूर्णांक दोन. तुमची रुंदी चौतीस, हिची चौतीस पूर्णांक सात. भागून पाहा. दर पन्नासाले एक जास्त, दोन्ही ठिकाणी. चुकलेला माणूस एका जागी जास्त चुकतो, एका जागी कमी. हा माणूस सगळीकडे सारखाच चुकला. असं कसं होईन?"

रत्नमालाबाईंनी पोलादी पट्टी उचलली.

"पोलाद वितळलं का फुगते, थंड झालं का आकसते. पन्नासाले एक. म्हणून पॅटर्न शॉपचा सुतार लाकडाचा नमुना तेवढाच मोठा करतो. दरवेळी हिशोब कोण करत बसन? म्हणून त्यांची पट्टीच वेगळी राहते, कडेले तसं कोरलेली. तिच्यावर पन्नास लिहिलं असते, पण लांबी असते एक्कावन्नाची. मी तीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात होते, आमी नकाशावर खरं माप लिहायचो अन् तिकडे हे लोक या पट्टीनं कापायचे. सकाळी आमच्या ह्यांनी गिटार या पट्टीनं मोजली, तर पुण्याच्या गिटारशी बरोब्बर जुळली. कावून जुळली? कारण बनवणाऱ्यानं याच पट्टीनं बनवली."

विक्कीच्या तोंडून श्वास सुटला. हिरा अजून तशीच बसली होती. तिला कळलं होतं, पण विश्वास बसत नव्हता.

"बाबानं?" ती म्हणाली.

"साहेबाच्या बंगल्यावर जाऊन त्यांनी त्याच्या गिटारची मापं साध्या टेपनं लिहून आणली. मग शॉपमध्ये आले अन् रोजच्या सवयीनं रोजची पट्टी उचलली. अशी चूक सगळ्या दुनियेत फक्त पॅटर्न शॉपचा माणूस करू शकतो."

"थांबा, थांबा," सुजय म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "म्हणजे प्रत्येक पडदा, प्रत्येक अंतर त्याच प्रमाणात वाढलं? मग सूर... सूर हलणारच नाही. सगळंच सारखं वाढलं तर गिटार सुरातच राहणार." तो स्वतःशीच हसला. "माझ्याकडची कारखान्याची आहे ना, ती वरच्या पडद्यांवर जराशी बेसूर आहे."

"पण लेबल?" हिराने विचारलं. "लेबल कोणं लावलं? अन् बाबा खोटं कावून बोलले? आमाले, पोरांले?"

रत्नमालाबाईंनी दौलतरावांकडे पाहिलं. "हे काका सांगतील. लाकूड मशिनीच्या पेटीचं होतं. प्लांटचं होतं. अन् गेट पास नव्हता."

६

दौलतरावांनी आधी पाणी मागितलं.

"पेट्या जळायला जात होत्या जी," ते म्हणाले. "भंगारात. मारोतनं त्यातली एक फळी वाजवून पाह्यली अन् म्हणे, दौलत, हे लाकूड जाळाचं नाही. सहा महिने जेवणाच्या सुट्टीत बनवली त्यानं. पडद्यांची तार, खुंट्या मी लेथवर काढून देल्ल्या. साहेब रोज येऊन पाहायचा. पण झाली तर बाहेर कशी काढायची? फळीचा तुकडा जरी सापडला, तरी नोकरी गेली समजा. मारोतचं लग्न ठरलं होतं."

साहेब अधूनमधून गिटारची पेटी घेऊन शॉपमध्ये येई आणि कामगारांना वाजवून दाखवी. गेटवाल्यांना ते ठाऊक होतं. त्या दिवशी तो रिकामी पेटी घेऊन आत आला. आपल्या गिटारचं लेबल त्याने चाकूने सोलून आणलं होतं. ते त्याने स्वतःच्या हाताने मारोतरावांच्या गिटारमध्ये चिकटवलं आणि ती पेटीत घालून गेटवर गेला. गार्डने पेटी उघडली, भोकातून आत डोकावला, रशियन कागद पाहिला आणि सलाम ठोकला.

"बंगल्यावर साहेबानं दोन्ही गिटारी शेजारी ठेवल्या," दौलतराव म्हणाले. "तवा समजलं, मारोतची मोठी आहे. मारोतनं कपाळावर हात मारला. साहेब इतका हसला, इतका हसला, का खाली बसला. मंग त्यानं दोन्ही वाजवल्या. अन् मारोतची छातीशी धरून काहीतरी म्हणाला. भाषा आमाले येत नव्हती, पण समजलं. मारोत मले म्हणे, दौलत, शपथ घे. साहेबानं देल्ली असंच सांगायचं, कोणालेही. पोरं झाली, प्रमोशन झालं, रिटायर झाला, पण भीती नाही गेली. मलेही आजपावेतो होती."

हिरा रडत होती, आणि ते तिने लपवलं नाही.

"साहेबाची वस्तू म्हणून हात नाही लावला मी कधी," ती म्हणाली. "दसऱ्याले लांबूनच हळदकुंकू वाहायची. परक्याची म्हणून. माह्या बापाच्या हातची होती ती, अन् मी..." शामसुंदररावांचेही डोळे भरून आले. ज्या माणसाला ते बाजारात नुसता राम राम करत होते, त्याच्या हातात एवढं होतं, हे कळायला त्यांना फार उशीर झाला होता.

पाचला दहा मिनिटं होती. सुजयने घसा साफ केला.

"मॅडम, इशाऱ्याचा आता प्रश्नच नाही. लॉट मी नव्याने लिहितो. बनवणाऱ्याचं पूर्ण नाव सांगा. आणि खरं सांगू? अशी गिटार मी आजवर ऐकलेली नाही. घेणारे कमी होणार नाहीत, वाढतील."

हिराने विक्कीकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच.

"नाव लिहा," ती मोबाइलकडे वळून म्हणाली. "मारोतराव गोविंदराव वैरागडे, पॅटर्न शॉप, भिलाई. तुमच्या वहीत कुठंतरी लिहून ठेवा. पण विकायची नाही आता."

सुजयने वाद घातला नाही. फोन ठेवण्याआधी त्याने विचारलं, भिलाईला आलो तर बघायला मिळेल का. हिराने जेवायलाच या म्हणून सांगितलं.

मग रत्नमालाबाईंनी पिशवीतून अर्ज काढला. त्या फाडणार, तेवढ्यात विक्कीने हात पुढे केला. त्याने तो उभ्या उभ्या पूर्ण वाचला, शेवटच्या सहीपर्यंत. खोलीत कुणाला कुठे बघावं कळेना.

"चोर लिहिलं, ताई."

"हो."

"दोनदा लिहिलं."

"विक्या, मले मार, पण असा नको बोलू."

विक्कीने अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. "माझ्यापाशी राहू दे. पुढं कधी माझ्यावर शंका आली, तर मागून घेजो. नवा लिहाची तकलीफ नको." तो हसत नव्हता, पण त्याचा आवाज सैल झाला होता. "आता ही कोणाकडे राहीन? सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे?"

"बापाले असं फिरवतात का इकडून तिकडे?" हिराने डोळे पुसले. गिटार तिने टेबलावरून उचलली, आयुष्यात पहिल्यांदा, दोन्ही हातांनी, आणि भावाच्या हातात दिली. "तू घेऊन जा. बाबा गेल्यापासून माहेरी जाऊ तर कुठं जाऊ, हा प्रश्नच होता मले. आता तुझ्या घरी येत जाईन मी."

"कवा येतेस?"

"या रविवारी," हिरा म्हणाली. "भाजी काय करशीन ते आत्ताच सांग."